फोटो राहू द्या, बुकिंग नंबर शोधा

२४ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी अटलांटातल्या फुल्टन काउंटी तुरुंगात एका आरोपीची नोंद झाली. कैदी क्रमांक पी०११३५८०९. उंची ६ फूट ३ इंच, वजन २१५ पौंड, डोळे निळे, केसांचा रंग ‘सोनेरी किंवा स्ट्रॉबेरी’. जामीन २ लाख डॉलरचा. वीसेक मिनिटांत सोपस्कार उरकून डोनाल्ड ट्रम्प बाहेर पडले आणि त्याच रात्री त्यांचा भुवया आक्रसलेला फोटो जगभर पोचला. नोंदीतल्या वजनाची काय थट्टा झाली तेवढीच. बाकी सगळी चर्चा फोटोची. पण एखादा माणूस अमेरिकेतल्या तुरुंगात आहे असे कळल्यावर त्याच्या घरच्यांना, वकिलाला आणि पुढे त्याला स्वतःला उपयोगी पडते ती फोटोशेजारची ही कोरडी नोंद. फोटो त्यातला सगळ्यांत बिनकामाचा.

पुण्या-नाशकातल्या घरांना या सगळ्याशी काय देणेघेणे, असे वरवर वाटेल. पण आज एडिसन, फ्रिमाँट, फ्रिस्को, बेलव्ह्यू ही नावे मराठी घरांत नित्याची झाली आहेत, आणि अमेरिकेत अटक व्हायला कोणी अट्टल गुन्हेगार असावा लागत नाही. पार्टीहून परतताना दारूच्या चाचणीत अडकलेला विद्यार्थी, दुकानात वस्तूचे पैसे न भरता बाहेर पडल्याचा आरोप असलेली मुलगी, नवराबायकोच्या भांडणाचा आवाज ऐकून शेजाऱ्याने ९११ ला केलेला फोन, एवढे पुरते. घरगुती हिंसेच्या तक्रारीत अनेक राज्यांत पोलिसांना ‘समजूत घालून’ परत जाण्याची मुभाच नाही. सकृद्दर्शनी पुरावा दिसला की अटक करावी लागते. मग इकडे पहाटे चारला फोन वाजतो, पलीकडे घाबरलेला रूममेट असतो आणि त्याला फक्त एवढेच ठाऊक असते की पोलीस घेऊन गेले.

कुठे नेले, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर माणूस कुठे राहतो यावर नसते, तो कुठे पकडला गेला यावर असते. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण तिचा शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो आणि तुरुंग बहुधा त्याच्या ताब्यात असतो. अटक शहर पोलिसांनी केली तरी थोड्या वेळात माणूस काउंटीच्या तुरुंगात पोचतो. खटला चालायचा बाकी असलेले आणि साधारण वर्षभरापर्यंतची शिक्षा झालेले लोक इथे असतात. मोठ्या शिक्षेचे कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या कारागृहात जातात. कनेटिकट, र्‍होड आयलंड, डेलावेअर, व्हर्मॉन्ट, हवाई या राज्यांत मात्र काउंटीचे तुरुंग नाहीत, तिथे राज्याचेच एक खाते सगळे पाहते.

शहर आणि काउंटी यांच्या सीमा जुळतीलच असे नाही. टेक्सासमधले फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेले आहे. डॅलस शहराचे तुकडे तर आणखी काउंट्यांत गेले आहेत. एकाच शहराच्या दोन टोकांना अटक झालेले दोघे दोन वेगळ्या तुरुंगांत सापडू शकतात. बेलव्ह्यू किंवा सिएटल म्हटले की किंग काउंटी, जर्सी सिटी म्हटले की हडसन काउंटी. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या असूनही तुरुंगांचे खाते एकच, शहराचे. म्हणून रूममेटला विचारायचे ते ‘काय झालं?’ याआधी ‘कुठल्या रस्त्यावर झालं आणि गाडीवर कुठल्या पोलिसांचं नाव होतं?’ हे.

काउंटी कळली की शेरीफच्या अधिकृत संकेतस्थळावर कैदी-शोधाचे पान शोधावे. लॉस एंजेलिस, शिकागोची कुक, ह्यूस्टनची हॅरिस, फिनिक्सची मॅरिकोपा अशा मोठ्या काउंट्यांची ही सोय मोफत आहे. सरकारी पत्त्याच्या शेवटी अनेकदा ‘डॉट गव्ह’ असते; नसेल तर ते पान खरेच शेरीफचे आहे ना, ते पाहून घ्यावे. गुगलवर वर दिसणारी पहिली चार पाने अनेकदा पैसे उकळणाऱ्या खासगी कंपन्यांची असतात आणि त्यांची माहिती शिळी असते.

मराठी नावे इथे हमखास घोळ घालतात. पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचे नाव असेल, तर अमेरिकेत ते दोन्ही मिळून पहिले नाव ठरते किंवा वडिलांचे नाव मधले होते, आणि नोंद करणारा कर्मचारी यातले काय कुठे टाकील याचा भरवसा नाही. त्यातून कुलकर्णीतला एखादा ‘के’ गळतो, चव्हाणच्या स्पेलिंगच्या चार तऱ्हा होतात. म्हणून पूर्ण नाव टाकून ‘सापडले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आधी नुसते आडनाव, मग आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे, मग नाव आणि आडनावाची अदलाबदल करून पाहावे. जन्मतारीख मागितली तर आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टला जन्मलेला मुलगा ८ मे टाकून कधीच सापडणार नाही.

तरीही नाव दिसले नाही तर बहुधा बुकिंग अजून पुरे झालेले नसते. या प्रक्रियेत नाव-गाव, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे, फोटो, आजारांची विचारपूस, जवळच्या वस्तूंची यादी असे सगळे होते आणि गर्दीच्या शनिवारी रात्री त्याला कित्येक तास लागतात. तोवर माणूस शहर पोलिसांच्या कोठडीत बसलेला असतो आणि शेरीफच्या संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी तुरुंगाच्या चौकशी क्रमांकावर सरळ फोन करावा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख दिली की बहुतेक ठिकाणी माणूस आत आहे की नाही एवढे सांगतात.

दुसरा चांगला मार्ग ‘वाइन’ या सेवेचा. तिचा जन्म एका भयंकर प्रसंगातून झाला. केंटकीतल्या लुइव्हिल शहरात डिसेंबर १९९३ मध्ये मेरी बायरन या तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. खून करणारा तिचा पूर्वीचा मित्र होता. तिच्यावरच्याच अत्याचाराच्या आरोपाखाली तो तुरुंगात होता आणि जामिनावर सुटला होता, पण तो सुटल्याचे तिला कोणी कळवले नव्हते. वर्षभरात तिथल्या काउंटीने कैद्याच्या सुटकेची सूचना आपोआप देणारी यंत्रणा उभी केली आणि ती पुढे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पसरली. सेवा मुळात पीडितांसाठी आहे, पण शोध कोणालाही मोफत घेता येतो आणि नाव नोंदवले की सुटका किंवा बदलीचा निरोप येतो.

काउंटीत कुठेच नाव नसेल तर प्रकरण केंद्राच्या हाती असू शकते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर गदारोळ झाला. ती अटक केंद्राची होती आणि ताबा यू. एस. मार्शल्सकडे होता, अशा प्रकरणात शेरीफच्या पानावर शोधून हाती काही लागत नाही. शिक्षा भोगणाऱ्या केंद्रीय कैद्यांसाठी ब्यूरो ऑफ प्रिझन्सचा वेगळा शोध आहे. व्हिसाच्या कारणावरून धरले असेल तर ‘आइस’ या खात्याचा, आणि तिथे नावाबरोबर जन्मदेश अचूक द्यावा लागतो, स्पेलिंगमधली एका अक्षराची चूकही चालत नाही.

नोंद सापडली की त्या पानाचा लगेच स्क्रीनशॉट घ्यावा, कारण सुटकेनंतर अनेक काउंट्या ते पान काढून टाकतात. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात: बुकिंग नंबर, आरोपांची कलमे, जामिनाची रक्कम, कोर्टाची तारीख. पुढे वकिलाशी, कोर्टाच्या कारकुनाशी, दूतावासाशी बोलताना पहिला प्रश्न त्या नंबराचाच येतो. दूतावासाला पोलीस आपणहून कळवतील या भ्रमात राहू नये. व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने परदेशी कैद्याला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क दिला आहे. चीन, रशिया, ब्रिटन अशा काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिकी यंत्रणेला स्वतःहून कळवणे भाग असते, भारत त्या यादीत नाही. भारतीयाने मागणी करावी लागते. तुरुंगातून फोन आला तर मुलाला हे सांगावे, आणि प्रकरणाबद्दल मात्र अवाक्षर काढू नये. ते फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही ही समजूत भाबडी आहे.

ही नोंद कोणालाही दिसते, म्हणजे ठगांनाही दिसते. नाव, आरोप आणि जामिनाची रक्कम वाचून ते घरच्यांना फोन करतात, स्वतःला जामीनदार किंवा पोलीस अधिकारी म्हणवतात आणि गिफ्ट कार्डने किंवा एखाद्या अॅपवरून तातडीने पैसे मागतात. सगळा तपशील बरोबर असल्याने विश्वास बसतो. फोन ठेवून तुरुंगाच्या अधिकृत क्रमांकावर उलट विचारणे हा एकच उपाय. राज्याची माहितीही कामाला येते. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद केला आहे. शिकागोत अटक झालेल्या मुलासाठी कोणी जामिनाचे पैसे मागत असेल तर तो खोटारडा आहे हे तिथेच ठरले.

ऑनलाइन दिसते त्यापेक्षा अधिक हवे असेल, किंवा प्रकरण जुने असेल, तर रीतसर अर्ज करावा लागतो. इथे बहुतेकांची पहिली चूक अशी होते की ते १९६६ च्या केंद्रीय माहिती स्वातंत्र्य कायद्याचा हवाला देतात. तो कायदा केंद्राच्या खात्यांपुरता आहे. शेरीफला लागू होतो तो राज्याचा कायदा, आणि प्रत्येकाचे नाव व मुदत निराळी. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदी कायद्यात माहिती देणार की नाही ते १० दिवसांत कळवावे लागते. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांत पहिले उत्तर कामकाजाच्या ५ दिवसांत यायला हवे. टेक्सासची पद्धत मजेशीर आहे: शेरीफला माहिती दडवायची असेल तर कामकाजाच्या १० दिवसांत राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे त्यालाच परवानगी मागावी लागते. आपल्याकडे माहिती अधिकारात अर्जदार अपिलांच्या पायऱ्या चढत बसतो. तिथे निदान या टप्प्यावर धाप अधिकाऱ्याला लागते.

अर्ज लांबलचक नको. शेरीफ कार्यालयाच्या रेकॉर्ड्स विभागाला उद्देशून राज्याच्या कायद्याचे नाव, व्यक्तीचे पूर्ण नाव आणि त्याची इतर स्पेलिंगे, जन्मतारीख, अटकेची तारीख, असेल तर बुकिंग नंबर, आणि नेमके काय हवे ते: बुकिंग शीट, आरोपांची यादी, जामीन व सुटकेचा तपशील. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिले की फाइल छाननीत जाते आणि महिने लोटतात. शुल्क ठरावीक रकमेवर जाणार असेल तर आधी कळवावे, ही ओळ जरूर घालावी. शुल्क एरवी किरकोळ असते; फ्लोरिडात एकपाठी प्रतीला जास्तीत जास्त १५ सेंट आणि प्रमाणित प्रतीला १ डॉलर. व्हर्जिनियात मात्र वेगळीच अडचण येते. तिथला कायदा मुख्यतः राज्याच्या रहिवाशांना हा हक्क देतो आणि २०१३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. फेअरफॅक्समध्ये अटक झालेल्या मुलासाठी डोंबिवलीहून अर्ज करण्यापेक्षा तिथल्याच एखाद्या मित्राच्या किंवा वकिलाच्या नावाने केलेला बरा. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही, आपला माहिती अधिकारही भारतीय नागरिकांपुरताच आहे.

काय मिळेल हेही राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात द्यायच्या माहितीची यादीच आहे: नाव, व्यवसाय, शरीरवर्णन, अटकेची व बुकिंगची वेळ, ठिकाण, जामीन, आरोप. त्या यादीत फोटो नाही. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगाची नोंदवही खुली, पण कैद्याबाबतच्या बाकीच्या नोंदी गोपनीय. त्यामुळे किंग काउंटीत मगशॉट, म्हणजे बुकिंगच्या वेळचा फोटो, मागून मिळत नाही. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पोलिसांच्या कामासाठी गरज नसेल तर मगशॉट जाहीर करणे हा खासगीपणाचा भंग मानला. जॉर्जियात अटक करणाऱ्या खात्याला फोटो संकेतस्थळावर टाकता येत नाही, आणि मागणाऱ्याला लिहून द्यावे लागते की पैसे घेऊन फोटो काढणाऱ्या संकेतस्थळासाठी तो वापरणार नाही. याउलट फ्लोरिडाची परंपरा सगळे उघडे ठेवण्याची. केंद्राच्या मार्शल्सकडून फोटो मिळवण्यासाठी डेट्रॉइट फ्री प्रेस या वृत्तपत्राने वीस वर्षे झगडा केला; १९९६ मध्ये ते जिंकले, २०१६ मध्ये त्याच अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निकाल फिरवला.

यातल्या काही कायद्यांमागे एक गलिच्छ धंदा आहे. शेरीफच्या पानांवरून फोटो उचलायचे, ते गुगलवर वर येतील असे मांडायचे आणि काढून टाकण्यासाठी त्या माणसाकडूनच शेकडो डॉलर घ्यायचे. २०१३ मध्ये गुगलने अशा पानांना शोधात खाली ढकलले आणि पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांनीही हात काढून घेतले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून अशी वसुली बेकायदा ठरवली. २०१८ मध्ये मगशॉट्स डॉट कॉमच्या चालकांवर तिथल्या अॅटर्नी जनरलने खंडणीचे आरोप ठेवले, वसुलीचा आकडा २० लाख डॉलरवर होता. म्हणून असा फोटो दिसला तर पैसे पाठवू नयेत. एका ठिकाणी भरले की तोच फोटो दुसऱ्या पानावर उगवतो. त्या राज्याचा कायदा दाखवून लेखी मागणी करावी, सोबत खटला रद्द झाल्याचा कोर्टाचा कागद जोडावा, आणि गुगलकडेही ते पान शोधातून काढण्याची विनंती करता येते.

सरकारही यात धुतल्या तांदळासारखे नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीने कैदी-शोधाच्या पानावर हजारो लोकांची माहिती ठेवली होती. त्यात एक माणूस असा होता की १९९८ मधल्या त्याच्या अटकेची नोंद कोर्टाच्या आदेशाने केव्हाच पुसायची होती. त्याने दावा लावला आणि मे २०१९ मध्ये ज्युरीने सुमारे ६७ हजार लोकांना प्रत्येकी १ हजार डॉलर द्यायला सांगितले.

अटक म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. फोटो पाहताना मात्र विसरायला होते. फुल्टन काउंटीतला ट्रम्प यांच्यावरचा तो गाजलेला खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला, आणि फोटो टी-शर्टांवर, कपांवर आहेच. सामान्य माणसाच्या बाबतीत नोकरी देणारी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा केंद्राच्या कायद्याने तिला आधी लेखी संमती घ्यावी लागते, आणि शिक्षा न झालेली अटक सात वर्षांहून जुनी असेल तर तपासणी करणाऱ्या संस्थेला बहुतेक नोकऱ्यांसाठी ती कळवता येत नाही.

व्हिसाचे खाते इतके उदार नाही. व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली का?’ हा प्रश्न असतो, नुसते ‘शिक्षा झाली का?’ असे विचारून ते थांबत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेवरून, खटला उभा राहण्याआधीही, व्हिसा रद्द होऊ शकतो; २०१५ पासून वकिलातींना तशी सूचना आहे. ग्रीन कार्डच्या वेळी प्रत्येक अटकेचे काय झाले याचा प्रमाणित कागद मागतात आणि तिथे बुकिंग शीट पुरत नाही. बुकिंग शीटवर आरोप असतात, निकाल नसतो. निकालाचा कागद त्या काउंटीच्या कोर्टाच्या कारकुनाकडून घ्यावा लागतो. स्वतःच्या नावावर केंद्राकडे काय जमा आहे ते पाहायचे असेल तर एफबीआय बोटांचे ठसे आणि १८ डॉलर घेऊन तो अहवाल देते; त्यात एखाद्या जुन्या अटकेपुढे निकालाची जागा कोरी दिसली तर ती भरून घेण्यासाठीही कोर्टाचाच कागद लागतो.

आरोप मागे घेतल्यावर अनेक जण घाईने नोंद पुसण्याचा अर्ज करतात, आणि वकीलही तो आनंदाने करून देतात. त्याआधी बुकिंग शीट आणि कोर्टाच्या निकालपत्राच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात, दोन-तीन जास्तच. नोंद पुसल्यावर कारकुनाकडे देण्यासारखे काही उरत नाही, आणि इमिग्रेशनच्या अर्जात पुसलेल्या अटकेबद्दलही विचारतात.